सुपरचार्जरवाली गाडी रिच चालते तेव्हा

इंग्लंडमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते. आपली पीयूसी आणि फिटनेस तपासणी एकत्र केली तर जे होईल, साधारण तसं. माझ्या एका मित्राची २००५ची मिनी कूपर एस त्यात धुरावर नापास झाली आणि तो निकालाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. इंजिन अडीच-तीन हजार आरपीएमवर धरून केलेल्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या मर्यादेत होता. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना, मर्यादा ०.३ टक्क्यांची. तिथे आकडा खूप पुढे गेला होता.

सायलेन्सरचं टोक आतून काजळीने मऊ काळं झालं होतं. गॅरेजमध्ये दोन मिनिटं गाडी सुरू ठेवली की डोळे चुरचुरायचे. ॲव्हरेज पडलं होतं. मित्राचा निष्कर्ष ठरलेला होता: "मोठे इंजेक्टर बसवलेत, तेच जास्त पेट्रोल ओततायत." नवे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, मागवायच्या तयारीतच तो आला होता. मी त्याला एक दिवस थांबायला सांगितलं. ते का, हे समजावण्यासाठीच हा लेख.

आधी रिच म्हणजे काय ते. पेट्रोल पूर्ण जळायला हवा लागते. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला सुमारे १४.७ किलो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की इंधन स्वतःच थोडा ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून हवा कमी पुरते: दहा टक्के इथेनॉलला साधारण १४.१, आणि आता भारतात पंपावर मिळणाऱ्या वीस टक्केवाल्याला साडेतेराच्या आसपास. हे आकडे इंधनाप्रमाणे बदलत राहतात, त्यामुळे काम करणारी माणसं लॅम्डामध्ये बोलतात. हवा आणि पेट्रोल अगदी जुळलेले असले की लॅम्डा १. एकच्या खाली गेलं की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एकच्या वर लीन, म्हणजे हवा जास्त. ज्यांनी बजाज चेतक चोक ओढून सुरू केली आहे आणि चोक आत ढकलायला विसरून चौकापर्यंत गेले आहेत, त्यांना रिच मिक्श्चरचा वास आणि गाडीचं ते जड, घुसमटलेलं चालणं सांगायला नको.

आता सुपरचार्जर. या मिनीचं इंजिन १५९८ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे ते दर फेरीला त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ८०० सीसी हवा गिळतं. त्यावर बेल्टने फिरणारा ईटन एम४५ सुपरचार्जर आहे. त्यातले ४५ म्हणजे एका फेरीत ४५ घनइंच, साधारण ७४० सीसी. तो इंजिनच्या जवळजवळ दुप्पट वेगाने फिरतो. म्हणजे इंजिनला ८०० सीसी हवी असताना त्याच्यापुढे दीड लिटरच्या घरात हवा येऊन उभी राहते. ती दाबली जाते, हवेबरोबर ऑक्सिजन जास्त आत जातो, त्याच्या प्रमाणात पेट्रोल घालता येतं आणि एवढ्याशा इंजिनातून १७० हॉर्सपॉवर निघतात. मूळ कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली अशा ब्लोअरचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती.

मॉडिफाय करणारे पहिला हात घालतात तो पुलीला. सुपरचार्जरची पुली व्यासाने १५ टक्के लहान केली की तो सुमारे साडेसतरा टक्के जास्त वेगाने फिरतो. बूस्ट, म्हणजे दाबलेल्या हवेचा दाब, वाढतो, हवा तापतेही जास्त. मग पेट्रोल पुरावं म्हणून मोठे इंजेक्टर, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) रिमॅपिंग, म्हणजे त्यातला पेट्रोलचा तक्ता बदलणं, मोकळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा वायू गोळा करणारा पाइप. मित्राच्या गाडीत हे चारही झालं होतं. म्हणजे कंपनीने जुळवून दिलेलं गणित चार ठिकाणी बदललं होतं, आणि दोष त्या चारांपैकी कुठेही असू शकत होता. कदाचित पाचव्या ठिकाणी.

माझं म्हणणं एवढंच आहे: गाडी रिच चालते तेव्हा पेट्रोल ओतणाऱ्याला पकडण्याआधी, त्याला ते ओतायला कोणी सांगितलं ते शोधा. इंजेक्टर हुकमाचा ताबेदार आहे. हुकूम ईसीयूचा. आणि ईसीयूला स्वतःला काही दिसत नाही, तो सेन्सरच्या सांगण्यावर चालतो.

स्वयंपाकघरात बघा. आचारी वरणात अंदाजाने मीठ घालतो आणि चव बघायला एकाला बसवतो. तो म्हणाला अळणी, की आणखी चिमूटभर. म्हणाला खारट, की पुढच्या वेळी हात आवरता. आता चव बघणाऱ्याचीच जीभ गेली असेल आणि तो सारखा "अळणी, अळणी" म्हणत असेल, तर आचारी मीठ घालतच राहणार आणि पंगतीत सगळे तोंड वाकडं करणार. आचारी बदलून उपयोग नाही, मिठाचा डबा बदलून तर मुळीच नाही.

गाडीत चव बघणारा म्हणजे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर. बॉशने तो पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत आणला. त्याची एक मर्यादा लक्षात ठेवायलाच हवी: त्याला पेट्रोल कळत नाही, फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो. ऑक्सिजन दिसला की तो म्हणतो लीन. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की मॅनिफोल्डच्या भेगेतून, याचा त्याला पत्ता नसतो.

सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोलमध्ये जी वाढ-घट करतो तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. गाडीच्या संगणकाला जोडायच्या साध्या ओबीडी स्कॅनरवर ती टक्क्यांत दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची क्षणाक्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म म्हणजे मुरलेली सवय. दोन्हींची बेरीज धरायची. उणे असेल तर ईसीयू पेट्रोल कापतोय, अधिक असेल तर वाढवतोय.

बहुतेकांची गल्लत इथे होते. गाडी रिच आहे, वास येतोय, प्लग काळे आहेत. अशा वेळी ट्रिम दोनपैकी एक गोष्ट सांगते. उणे १५, उणे २० असेल तर सेन्सर खरं बोलतोय, ईसीयू जिवाच्या आकांताने पेट्रोल कापतोय, तरी कुठून तरी जास्त येतंय. कापायची मर्यादा संपली की पी०१७२ हा रिचचा दोष-कोड स्कॅनरवर येतो. पण गाडी रिच आणि ट्रिम अधिक असेल, तर कोणीतरी ईसीयूला खोटं सांगतंय आणि तो इमानदारीने जास्त पेट्रोल घालतोय. अशा गाडीला पी०१७२ येणारच नाही. उलट लीनचा, पी०१७१चा कोड येईल आणि सायलेन्सर मात्र काळा. लक्षण एकच, पण तपासाच्या वाटा अगदी उलट दिशांना जातात. म्हणून मी पाना हातात घ्यायच्या आधी स्कॅनर लावतो आणि ट्रिम तीन ठिकाणी लिहून घेतो: आयडलला, २५०० आरपीएमला, आणि रस्त्यावर मध्यम भारावर.

ट्रिम उणे निघाली तर

मॉडिफाय केलेल्या गाडीत इंजेक्टरवर संशय घेणं चुकीचं नाही, पण तो सिद्ध करता येतो. समजा मिनिटाला ३३० सीसी पेट्रोल सोडणाऱ्यांच्या जागी ४४० सीसीचे बसवले आणि ईसीयूला सांगितलंच नाही. मग प्रत्येक हुकमाला एक तृतीयांश पेट्रोल जास्त. ट्रिमची झेप बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतच असते, तिला हे पेलत नाही. यापेक्षा फसवा प्रकार म्हणजे आकार सांगितला पण उघडायला लागणारा वेळ सांगितला नाही. इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून सुई उचलली जाईपर्यंत साधारण एक मिलिसेकंद जातो आणि तो इंजेक्टरगणिक वेगळा असतो. आयडलला सगळा हुकूमच दोन-तीन मिलिसेकंदांचा, तिथे थोडी चूक मोठी दिसते. जोरात चालवताना हुकूम दहा-पंधरा मिलिसेकंदांचा, तिथे तीच चूक विरून जाते. आयडलला घाण आणि हायवेला ठीक अशी गाडी असेल तर ट्यूनरला हा प्रश्न विचाराच.

पेट्रोलचा दाब गेज लावून मोजावा. अंदाजाने बोलू नये. गाडी बंद केल्यावर दाब झरझर उतरत असेल आणि गरम गाडी सुरू करताना बराच वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर एखादा इंजेक्टर ठिबकत असण्याची शक्यता मोठी. टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी आयडलला रिच होतं, विशेषतः उन्हात टाकी भरल्यावर. त्याची नळी चिमटीत दाबून ट्रिम सुधारते का बघायचं, पाच मिनिटांचं काम.

मग हवा मोजणारे सेन्सर. यात दोन घराणी आहेत आणि आपली गाडी कुठल्या घराण्यातली हे माहीत नसेल तर तपास भरकटतो. काही गाड्या आत जाणारी हवा थेट मोजतात, त्याला मास एअरफ्लो सेन्सर. आपली मिनी दुसऱ्या घराण्यातली: ती इनटेकमधला दाब आणि हवेचं तापमान बघून किती हवा गेली याचा हिशोब करते.

पहिल्या घराण्यात सेन्सरच्या पुढे कुठे पाइप सैल असेल तर बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर निसटते, पेट्रोल मात्र तिच्यासाठीही पडतं. झालं रिच. तीच भेग आयडलला, व्हॅक्यूममध्ये, न मोजलेली हवा आत ओढते आणि गाडी लीन होते. आयडलला लीन, बूस्टला रिच हे रूप दिसलं की भेग शोधायची. बायपास व्हॉल्व्हची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा हवेला वाट देणाऱ्या झडपेची) हवा परत इनटेकमध्ये न नेता आवाजासाठी बाहेर सोडणारे लोक हेच दुखणं स्वतः विकत घेतात.

दुसऱ्या घराण्यात बाहेर निसटलेल्या हवेने एवढा फरक पडत नाही, कारण दाबच कमी दिसतो आणि पेट्रोलही कमी पडतं. तिथे दुखणं दाबाच्या सेन्सरचं. आयडलला इनटेकमध्ये साधारण ३० ते ४० किलोपास्कल दाब असतो. ज्या गाडीत हा सेन्सर रबरी नळीने जोडलेला आहे, तिथे नळी निसटली तर त्याला बाहेरच्या हवेचा १०० दिसतो. ईसीयूला वाटतं पूर्ण थ्रॉटल आहे. गाडी काळा धूर ओकत बंद पडते.

तापमानाचा सेन्सर मात्र जास्त दगा देतो, कारण तो हळूच बिघडवतो. थंड हवा दाट, म्हणून तिला पेट्रोल जास्त. सुपरचार्जरमधून निघालेली हवा चांगलीच तापलेली असते. आता कोणी तो सेन्सर सोयीसाठी फिल्टरजवळ, गार हवेत बसवला तर काय होईल? इंजिनात जाते ६० अंशांची हवा, ईसीयूला दिसते २० अंशांची. केल्विनमध्ये ३३३ भागिले २९३: जवळजवळ साडेतेरा टक्के पेट्रोल जास्त, आणि सेन्सर तर पूर्ण निरोगी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भाग चांगला असून जागा चुकलेली असू शकते, आणि कुठलाही कोड तुम्हाला हे सांगणार नाही.

इंजिनच्या पाण्याचा सेन्सर कायम थंड दाखवत असेल तर ईसीयू चोक ओढूनच बसतो. याची तपासणी फुकट आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सुरू न करता फक्त किल्ली फिरवा आणि स्कॅनरवर पाण्याचं व हवेचं तापमान बघा. दोन्ही एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या जवळ असायला हवेत. मग गाडी पूर्ण गरम करा. पाणी नव्वदीच्या आसपास जायला हवं. गेलं नाही तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम होईपर्यंत बंद राहणारी झडप, उघडा अडकलाय का ते बघा.

ट्रिम अधिक निघाली तर

मित्राच्या गाडीची ट्रिम आयडलला अधिक १८ होती. २५०० आरपीएमला अधिक ३. गाडी रिच, आणि ईसीयू आणखी पेट्रोल घालतोय. इंजेक्टरचा विषय तिथेच संपला होता, कारण मोठे इंजेक्टर जास्त ओतत असते तर ट्रिम खोल उणे दिसली असती.

खोटं बोलणारे इथे मुख्यतः दोन. पहिला मिसफायर. ठिणगी चुकली की सिलिंडरमधली हवा न जळता, ऑक्सिजनसकट बाहेर येते. सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू पेट्रोल वाढवतो, जळणारे बाकीचे सिलिंडर रिच होतात. बूस्ट वाढवल्यावर हे सहज घडतं, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर ती ०.७-०.८पर्यंत आणतात ती यासाठीच. मिसफायरचे आकडे स्कॅनरवर बघितले, शून्य होते.

दुसरा, एक्झॉस्टमधली गळती. एक्झॉस्टचा वायू सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि भेगेतून ताजी हवा आत ओढली जाते. आयडलला वायू थोडा आणि धक्के लांब-लांब, म्हणून चोरटी हवा भारी पडते. आरपीएम वाढले की वायूच्या लोंढ्यात ती नगण्य होते. आयडलला १८ आणि २५००ला ३ याचं चित्र हेच होतं. एमओटीचा कागदही वरच्या आरपीएमला पास, आयडलला नापास, हेच सांगत होता. आम्हाला तो नीट वाचायचा होता, इतकंच.

एक बारकावा सांगतो, कारण इथे चांगले मेकॅनिकही चकतात. गळती सेन्सरपासून लांब असेल आणि ती हवा नीट मिसळली, तर जास्तीचं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, त्याच हवेवर जळून जाऊ शकतं. मग टेलपाइपवर आकडे स्वच्छ आणि प्लग मात्र काळे. आमच्याकडे टेलपाइपवरही कार्बन मोनॉक्साइड भरपूर होता, म्हणजे कन्व्हर्टरला ऑक्सिजन मिळतच नव्हता. हवा जात होती ती फक्त सेन्सरच्या नाकात.

थंड गाडीत व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू टेलपाइपला लावली आणि मॅनिफोल्डवर साबणाचं पाणी फवारलं. सेन्सर ज्या गोल कड्यात आटे फिरवून बसतो, त्याच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर होती. अर्ध्या मिनिटात तिथे बुडबुडे आले. मित्र काही बोलला नाही, फक्त वाकून बराच वेळ ते बुडबुडे बघत राहिला.

फोर-गॅस ॲनालायझर मिळाला तर हा सगळा तपास आणखी लवकर होतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन जवळजवळ नाही: खरंच रिच. ऑक्सिजन आणि न जळलेले हायड्रोकार्बन दोन्ही जास्त: मिसफायर. प्लगवरही नजर टाका. कोरडी, मखमली काजळी म्हणजे पेट्रोल. ओलसर, चकचकीत काळं म्हणजे तेल, आणि तेलासाठी मिक्श्चरला दोष देऊ नका.

फुल थ्रॉटलला रिच असणं हा दोष नाही, हे इथेच सांगायला हवं, कारण नवीन वाइडबँड गेज (लॅम्डा एकपासून दूर असला तरी नेमका दाखवणारं मीटर) लावलेली माणसं हमखास घाबरतात. बूस्टवर पेट्रोल मुद्दाम जास्त घातलं जातं, लॅम्डा ०.७८ ते ०.८५च्या आसपास. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषतं आणि ठोका, म्हणजे नॉकिंग (मिश्रणाचं आपोआप, अवेळी पेटणं), दूर ठेवतं. कंपनीचा साधा सेन्सर लॅम्डा १च्या आजूबाजूचंच सांगू शकतो, म्हणून ईसीयू तिथे त्याचं ऐकत नाही, नकाशात, म्हणजे आत भरलेल्या पेट्रोलच्या तक्त्यात, लिहिलेल्या आकड्यावर चालतो. म्हणजेच फुल थ्रॉटलचा दोष ट्रिमवरून पकडता येत नाही, त्याला वाइडबँडच लागतो. आणि "रिच आहे" म्हणून घरी बसून नकाशातलं पेट्रोल कमी करणं मात्र करू नका. रिच गाडी प्लग आणि कन्व्हर्टर खाते. बूस्टवर लीन झालेली गाडी पिस्टन वितळवते, आणि त्याला काही सेकंद पुरतात.

कड्याला नवं वेल्डिंग झालं, सेन्सर परत बसला, ट्रिमची जुनी सवय स्कॅनरने पुसली. पन्नासेक किलोमीटर फिरवल्यावर आयडलला ट्रिम अधिक २ होती. त्याच इंजेक्टरवर, त्याच रिमॅपवर गाडी एमओटी पास झाली.

मित्राला गाडी लगेच न्यायची होती. मी आधी ऑइलची काडी काढून त्याच्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास येत होता आणि पातळी खुणेच्या वर होती. महिनोन्महिने रिच चाललेल्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं, आणि या इंजिनची बेअरिंगं त्याच ऑइलवर जगतात. ऑइल आणि फिल्टर त्याच संध्याकाळी बदलले. गॅरेजचं शटर पूर्ण वर करून.